रानडे रोडजवळचं वन बीएचके घ्यावं का? आधी बेडरूमची खिडकी कुठे उघडते ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून मुंबईत येणारं जोडपं. ताईंची नोकरी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. यजमानांचं काम घरून, पण अमेरिकेच्या वेळेनुसार, म्हणजे संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेचार. दादर पश्चिमेला रानडे रोडलगतच्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके बघितलंय. भाडं ४८ हजार, डिपॉझिट दीड लाख. ताई लिहितात, ‘सोमवारी दुपारी घर बघितलं. एवढा गजबजलेला भाग असूनही शांत वाटलं. एजंट म्हणतो आजच ५० हजार टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे. घ्यावं का? की याच पैशात ठाण्याला टू बीएचके बघावं?’

ताई, मी दादर, माहीम, माटुंगा या पट्ट्यात २२ वर्षं भाड्याच्या घरांचं काम करतोय. तुमच्या प्रश्नात भाडं आणि डिपॉझिट पुढे आलंय, पण माझी नजर अडकली ती ‘सोमवारी दुपारी’ या दोन शब्दांवर. दादरच्या बाजारातली अनेक जुनी दुकानं सोमवारी बंद असतात. तुम्ही रानडे रोड झोपलेला असताना बघितलात. तीच गल्ली शनिवारी संध्याकाळी सात वाजता बघा, ओळखू येणार नाही. आणि तुमच्या घरात दिवसा झोपणारा माणूस आहे. त्यामुळे खरा प्रश्न ४८ हजार जास्त की कमी हा नाही. हे घर सकाळी पाच ते दुपारी एक या वेळात झोपू देईल का, आणि रात्री एकाला मोठ्याने बोलू देऊन दुसऱ्याला झोपू देईल का, हा आहे.

मी सगळ्यांनाच सांगतो की घर चोवीस तासांचं घ्यायचं असतं, बघायला गेलो त्या वीस मिनिटांचं नाही. बाजाराच्या भागात तर फारच. दादर पश्चिमेला स्टेशनजवळ फुलबाजार आणि भाजीचा घाऊक बाजार पहाटे चारच्या आधीच जागा होतो. दहा-साडेदहाला कपड्यांची, भांड्यांची दुकानं उघडतात, शटर वर जातात, टेम्पो रिव्हर्स घेतात, हमालांची हाळी सुरू होते. दुपारी थोडी उसंत. पाचनंतर गर्दीचा जो लोंढा येतो तो नऊ-साडेनऊपर्यंत. अकरानंतर मात्र गल्ल्या खरंच शांत होतात. म्हणजे यजमानांच्या कामाच्या वेळेला तुमची गल्ली चांगली, आणि त्यांच्या झोपेच्या वेळेला वाईट.

पण यातलं बरंचसं एकाच गोष्टीवर ठरतं, आणि नेमकी तीच तुम्ही लिहिलेली नाही. बेडरूमची खिडकी रस्त्याकडे आहे की इमारतीमागच्या मोकळ्या चौकाकडे? दादरच्या जुन्या इमारतींमध्ये एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरं असतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पुढच्या घराला हवा, उजेड, गॅलरी आणि अखंड हॉर्न. मागच्या घराला उजेड कमी, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि पाइप, पण खिडकी लावली की पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. रात्रपाळीच्या माणसाला मी डोळे झाकून मागचं घर देतो. त्याला उजेड नकोच असतो.

तेव्हा पुन्हा जा, आणि गुरुवार-शुक्रवारी सकाळी अकराला जा. बेडरूममध्ये उभं राहा, खिडक्या, दार सगळं लावा, पंखासुद्धा बंद करा आणि पाच मिनिटं कोणी कोणाशी बोलू नका. एजंटलाही गप्प राहायला सांगा. पाच मिनिटं फार मोठी वाटतात, पण खालचा भाजीवाला भाव सांगताना शब्द न् शब्द कळतोय का, ते तेवढ्यात समजतं. शब्द कळत असतील तर तिथे दिवसा झोप येणार नाही. नुसता गुंजारव येत असेल तर माणूस आठवड्याभरात सरावतो.

त्याच वेळी हॉल आणि बेडरूमच्या मधलं दार बघा. ही गोष्ट कोणी बघत नाही. जुन्या घरांमध्ये दारावर उजेडासाठी झडपा नाहीतर जाळी असते, किंवा मूळच्या मोठ्या खोलीत प्लायची पार्टिशन टाकून वन बीएचके केलेलं असतं. प्लायवर बोटाने टकटक करा, पोकळ वाजलं की समजा. यजमान रात्री दोन वाजता हॉलमध्ये मीटिंगला बोलणार आणि तुम्ही आत झोपणार, तर मध्ये विटांची भिंत आणि पूर्ण बंद होणारं दार हवं. दारावर जाळी असेल तर ती काचेने बंद करून द्या, असं मालकाला टोकनच्या आधी सांगा. सुताराचं एका दिवसाचं काम आहे, मालक बहुधा नाही म्हणत नाहीत. राहायला गेल्यावर सांगितलं तर मात्र सहा महिने चालढकल.

खिडकी लावून झोपायचं म्हणजे एसी आला. एसी आला की वायरिंग आलं. पन्नास-साठ वर्षांच्या इमारतीत एसीसाठी स्वतंत्र लाइन आणि १६ ॲम्पिअरचा पॉइंट आहे का, विचारा. हॉलमधल्या प्लगवरून एक्स्टेन्शन ओढून एसी चालवलेली घरं मी बघितली आहेत, आणि प्लगभोवतीचं पिवळट काळं पडलेलं प्लास्टिकही बघितलंय. घर बघताना एसी, गिझर आणि मिक्सर एकदम लावून बघायला लाजू नका. दादरला वीज बेस्टची असते. बिल मालकाच्या नावावरच राहतं, म्हणून ताबा घ्याल त्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवा.

पाण्याचं तोंडी विचारू नका. ‘चोवीस तास पाणी’ हे शब्द प्रत्येक एजंटच्या तोंडात असतात. मोरीत बघा. कोपऱ्यात मोठं पिंप झाकण लावून भरून ठेवलेलं असेल, तर त्या घरात पाण्याची बोंब आहे. शेजारच्या घराबाहेरही तसंच पिंप असेल तर बोंब सगळ्या इमारतीची. खालचा इस्त्रीवाला किंवा वॉचमन पाणी किती वाजता येतं आणि टाकी किती वाजता रिकामी होते, हे मिनिटावर सांगेल. दिवसा झोपणाऱ्याला दुपारी उठल्यावर आंघोळीला पाणी नसेल तर काय होतं, ते मला एका रात्रपाळीच्या डॉक्टरांनी सुनावलंय. तेव्हापासून मी हा प्रश्न आधी विचारतो.

आता कागद. याबाबत मी जास्त आग्रही आहे, कारण इथे चूक झाली तर झोप नाही, घरच जातं. दादरमध्ये पागडीच्या इमारती खूप आहेत. पागडीत तुम्हाला घर दाखवणारा ‘मालक’ हा स्वतःच भाडेकरू असतो, इमारत जमीनमालकाची असते. जमीनमालकाच्या संमतीशिवाय त्याने तुम्हाला घर दिलं, तर ते पोटभाड्याने देणं होतं, आणि त्याच कारणावरून जमीनमालक त्याच्यावर घर खाली करण्याचा दावा लावू शकतो. तुम्ही मधल्या मध्ये. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, दुसऱ्याच कोणाकडून घर घेतलेलं. चौथ्या महिन्यात दारावर नोटीस लागली. घर देणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, डिपॉझिट अडकलं, मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर. त्यांना पंधरा दिवसांत दुसरीकडे हलवलं, पण पैसे वसूल व्हायला वर्ष गेलं. म्हणून टोकनआधी तीन कागद मागा: सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), चालू मेंटेनन्सचं बिल, आणि विजेचं बिल. तिन्हींवर एकच नाव हवं, आणि ते नाव करारावर सही करणाऱ्याचं हवं. शेअर सर्टिफिकेटऐवजी भाडेपावती पुढे केली तर घर पागडीचं आहे. मग जमीनमालकाची लेखी संमती दाखवा म्हणा. नसेल तर नमस्कार करून निघा.

जुन्या इमारतीचं दुसरं दुखणं म्हणजे पुनर्विकास. मुंबई शहर विभागात, म्हणजे माहीम-सायनपर्यंत, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या बहुतेक खासगी भाडेकरूंच्या इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीचं काम म्हाडाच्या मंडळाकडे आहे. अतिधोकादायक इमारतींची यादी हे मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काढतं, तीत पत्ता बघून घ्या. आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जिन्याखाली किंवा गॅलरीखाली लाकडी नाहीतर लोखंडी टेकू आहेत का, सज्जाच्या सळया उघड्या पडल्यात का, गच्चीवर निळी ताडपत्री किती वर्षांची आहे. बिल्डरशी बोलणी सुरू आहेत का, हे मालक सांगणार नाही, पहिल्या मजल्यावरच्या आजी सांगतील. इमारत पाडायला निघाली तर पर्यायी भाडं मालकाला मिळतं, तुम्हाला फक्त खाली करण्याची तारीख मिळते. म्हणून माझ्या प्रत्येक करारात एक वाक्य असतं: पुनर्विकासामुळे मुदतीआधी घर खाली करावं लागलं, तर दोन महिन्यांची पूर्वसूचना आणि चावी देताना पूर्ण डिपॉझिट परत.

करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करायचीच. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला हा नेहमीचा अकरा महिन्यांचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत तुमचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शहाणा मालक म्हणून नोंदणी टाळत नाही. टाळणारा मालक का टाळतोय, ते तुम्ही शोधा. मुद्रांक शुल्काचा बाऊही करू नका. मुदतीचं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. तुमचा हिशेब: ४८ हजार गुणिले ११ म्हणजे ५ लाख २८ हजार, त्यात दीड लाखावरचं अकरा महिन्यांचं व्याज १३,७५० मिळवलं की ५,४१,७५०. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे १,३५५ रुपये. नोंदणी फी मुंबईत १,००० रुपये. वर दस्त हाताळणीचे थोडे पैसे आणि घरी येऊन बोटांचे ठसे घेणाऱ्याची फी. हे सगळं कोणी द्यायचं ते आधी ठरवा. मी निम्मं-निम्मं करतो.

मसुदा वाचताना लॉक-इनवर, म्हणजे ज्या मुदतीआधी करार मोडता येत नाही त्या अटीवर, बोट ठेवा. छापील मसुद्यात बरेचदा तो फक्त भाडेकरूला बांधतो. तुमच्या बाबतीत सहा महिन्यांपेक्षा जास्त नको, आणि बांधील असाल तर दोघंही असा. डिपॉझिट ‘घर सोडल्यानंतर’ परत असं लिहू देऊ नका, ‘चावी देतेवेळी’ असं हवं. रंगाचे पैसे कापणार का, किती, ते आकड्यात. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं ऑनलाइन होतं, मालकाला आठवण करून द्या आणि पोच घ्या. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. तो बोजा भाड्यात वेगळा दाखवून कोणी मागत असेल तर देऊ नका. मालक परदेशात असेल तर भाड्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, अशा वेळी सीएला विचारल्याशिवाय पहिला हप्ता पाठवू नका.

आणि मासे. तुम्ही खाता की नाही मला माहीत नाही. खात असाल तर टोकनआधी मोकळेपणाने सांगा. काही मालक आणि काही सोसायट्यांना चालत नाही, आणि ते कळतं पहिल्या रविवारी सुरमई तळल्यावर. सिटीलाइटच्या गोपी टँक मार्केटपासून इतक्या जवळ राहून लपूनछपून मासे खायचे, असं घर मी तरी कोणाला देणार नाही.

टोकनबद्दल. ५० हजार हे टोकन नाही, महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम आहे. ‘दुसरी पार्टी’ कधी खरी असते, कधी नसते, तुम्हाला ते कळणार नाही, म्हणून त्यावर निर्णय घेऊ नका. कागद बघून झाल्यावर पाच-दहा हजार द्या, मालकाच्या बँक खात्यात द्या, एजंटच्या हातात रोख नाही. पाठवण्याआधी मालकाकडून मेसेजवर लिहून घ्या: भाडं, डिपॉझिट, ताब्याची तारीख, आणि मालकाने माघार घेतली तर किती दिवसांत पैसे परत. एवढं लिहून द्यायला जो मालक तयार नाही, त्याचं घर पाच हजारांतही घेऊ नये. ब्रोकरेज इकडे साधारण एक महिन्याचं भाडं असतं. म्हणजे दीड लाख डिपॉझिट, ४८ हजार पहिलं भाडं, ४८ हजार ब्रोकरेज, आणि कराराचा खर्च. अडीच लाख हाताशी ठेवा, सामान आणायचे वेगळे. लिफ्ट नाही, तेव्हा टेम्पोवाल्याला दुसरा मजला आधीच सांगा आणि फ्रीज वळणावर फिरतो का ते जिना मोजून बघा.

आता ठाणे की दादर. टू बीएचकेचा मोह मला समजतो. काम घरून असेल तर दुसरी खोली फार मोलाची, आणि यजमानांना प्रवास नाहीच. पण तुम्हाला रोज बीकेसीला जायचंय. दादरहून मेट्रो ३ने तुमचं ऑफिस तिसऱ्या स्टेशनवर येतं: शीतलादेवी, धारावी, बीकेसी. मे २०२५ मध्ये हा टप्पा सुरू झाल्यापासून माझ्याकडे बीकेसीवाल्यांची विचारणा माहीमच्या शीतलादेवी भागासाठी वाढली आहे, आणि तुम्हालाही मी तिकडेच वळवेन. तुमच्या दोघांच्या कामाच्या वेळा अशा आहेत की वन बीएचके पुरतं. दिवसा तुम्ही ऑफिसात आणि बेडरूम त्यांची, रात्री हॉल त्यांचा आणि बेडरूम तुमची. घर मोठं नसलं तरी चालेल, दोन खोल्या एकमेकींपासून नीट बंद व्हायला हव्यात. ठाण्याहून गर्दीच्या वेळी येऊन-जाऊन जो वेळ जाईल तो तुमच्या दोघांच्या भेटीच्या वेळेतून जाईल, कारण तुमचं एकत्र जागं असणं मुळात दुपारनंतर ते साडेसात एवढंच, आणि त्यातला बराच भाग तुम्ही ऑफिसात. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचलात तर एक तास मिळेल. साडेसातला पोचलात तर ते हेडफोन लावून बसलेले दिसतील. या एका तासासाठी मी दादर-माहीम सोडू नका म्हणतोय.

गुरुवारी अकरा वाजता जाऊन बेडरूम रस्त्याकडे निघाली, तर हे घर सोडा, भाग सोडू नका. शिवाजी पार्कच्या पलीकडच्या आतल्या गल्ल्या, माहीमला शीतलादेवीच्या मागचा भाग, माटुंगा पश्चिम. बाजार पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आणि दिवसा झोपता येईल इतकी शांतता. पूर्वेला हिंदू कॉलनी आहे, झाडं, रुंद रस्ते, पण मेट्रोला पूल ओलांडून यावं लागेल आणि भाडंही सहसा उतरत नाही.

सणांचे दिवस कुठेही राहिलात तरी धरून चाला. गणपतीआधीचा पंधरवडा, दसऱ्याचा शिवाजी पार्क, दिवाळीची खरेदी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर देशभरातून माणसं येतात, आधीपासून दोन-तीन दिवस रस्त्यांची वाहतूक वळवलेली असते. मला हे दिवस आवडतात. पाण्याच्या बाटल्या वाटत आमच्या गल्लीतली पोरं पहाटेपासून उभी असतात, मीही जातो. फक्त सामान हलवायची तारीख त्या आठवड्यात घेऊ नका, टेम्पो आत येणार नाही.

एजंटला आज एवढंच सांगा की गुरुवारी सकाळी अकराला पुन्हा बघणार आणि तीन कागद बघितल्यावर टोकन देणार. मग खिडकी कुठे उघडते आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव कोणाचं आहे, ते इथेच लिहा. मागच्या चौकाकडे उघडत असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर ४८चे ४६ कसे करून घ्यायचे ते मी सांगतो. लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर तेवढी जागा असते.